वेबपेजवरच्या यादीतले नंबर नेमके कोण घालतं, आणि स्क्रिप्टने ते कसे हाताळायचे

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात असते आणि तिची नोटीस वेबपेजवर टाकायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मी काय केलं, वर्डमधली विषयपत्रिका उचलली आणि जशीच्या तशी पेजवर पेस्ट केली, म्हणजे "१) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, २) वार्षिक अहवाल व हिशेबपत्रके मंजूर करणे, ३) लेखापरीक्षकाची नेमणूक करणे" असं सगळं नंबरासकट टाईप केलेलं. नोटीस निघायच्या आदल्या रात्री सेक्रेटरींचा फोन आला, लिफ्ट बदलायचा विषय राहिलाय, तो चार नंबरला घाला. घातला. खालचे सगळे नंबर हाताने एकेकाने पुढे ढकलले, पण अगदी तळाला एक टीप होती, "विषय क्र. ५ चे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे", ती तशीच राहिली. आधी पाचवर पाण्याच्या टाकीची दुरुस्ती होती, ती आता सहावर गेलेली आणि पाचवर येऊन बसलेला सिंकिंग फंड. सभेत निम्मे लोक टाकीचं अंदाजपत्रक सिंकिंग फंडाचं म्हणून वाचत होते आणि अर्धा तास त्यातच गेला.

त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा नीट वाचलं की वेबपेजवरची नंबरवाली यादी चालते कशी. एकदा ते डोक्यात बसलं ना, की पुढचं सगळं सोपं आहे, फक्त ते बसेपर्यंत स्क्रिप्ट, म्हणजे पेजवर चालणारा जावास्क्रिप्टमधला छोटा प्रोग्राम, लिहायला घेऊ नका.

तर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिच्यात, नंबरवाल्या यादीला ओएल टॅग (टॅग म्हणजे ब्राउजरसाठीची खूण) आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला एलआय टॅग. तुम्ही फक्त मजकूर लिहिता, नंबर ब्राउजर घालतो. आणि इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की तो नंबर मजकुराचा भाग नसतोच. माउसने ओळ सिलेक्ट करून बघा, नंबर सिलेक्ट होत नाही. कंट्रोल एफ करून "५." शोधा, सापडणार नाही. स्क्रिप्टने त्या ओळीचं टेक्स्टकंटेंट, म्हणजे आतला मजकूर, मागा, नुसता मजकूर मिळेल, नंबर नाही. ब्राउजर पेज दाखवताना ओळी मोजतो आणि डावीकडे आकडा काढतो, बस. मधे एक ओळ घातली की पुन्हा मोजतो. म्हणून त्या रात्री मी ओएल वापरला असता तर लिफ्टचा विषय घातल्याबरोबर खालचे आकडे आपोआप सरकले असते, मला हातही लावावा लागला नसता. (टीप मात्र तरीही चुकली असती, तिच्याकडे शेवटी येतो.)

आता स्क्रिप्ट कुठे लागते? जेव्हा ब्राउजरची साधी एक-दोन-तीन मोजणी तुमच्या कामाला पुरत नाही तेव्हा. आणि तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, की हा नंबर जागेचा आहे का माणसाचा? रेशनच्या रांगेत तुम्ही सातवे उभे असता, पुढचा एक निघून गेला की तुम्ही सहावे, म्हणजे तो नंबर जागेचा. बँकेत टोकन घेतलं की ते सात नंबरचं टोकन तुमच्याच हातात राहतं, पुढचे कितीही उठून गेले तरी. वेबपेजवरच्या यादीत दोन्ही प्रकार करता येतात, पण कुठला हवाय हे ठरवायचं काम ब्राउजरचं नाही, तुमचं आहे. मी आजपर्यंत यादीच्या नंबरांचे जेवढे घोळ बघितलेत त्यातले बहुतेक हे न ठरवल्यामुळे झालेत.

रांगेचा नंबर म्हणजे साधा ओएल. त्याला स्टार्ट नावाचा एक ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगवर लिहायची जोडमाहिती, आहे, मोजणी कुठून सुरू करायची ते सांगणारा. समजा सभासदांची यादी आहे, एका पानावर वीस नावं, तर दुसऱ्या पानावर यादी २१ पासून सुरू व्हायला हवी. स्क्रिप्टमध्ये हिशेब सरळ आहे, पान क्रमांकातून एक वजा करा, वीसने गुणा, एक मिळवा, आणि आलेला आकडा यादीच्या स्टार्टमध्ये भरा. तिसरं पान असेल तर दोन गुणिले वीस, चाळीस, अधिक एक, ४१. एवढंच. स्टार्टमध्ये शून्य चालतं, उणे आकडेही चालतात.

टोकनचा नंबर म्हणजे एलआयवरचा व्हॅल्यू. एखाद्या ओळीची व्हॅल्यू १२ केलीत की ती ओळ बारा नंबरची, आणि तिच्या खालच्या, ज्यांना स्वतःची व्हॅल्यू नाही, त्या तेरा, चौदा अशा पुढे चालतात.

इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी पडलोय.

पहिला. स्क्रिप्टने एखाद्या ओळीला "तुझी व्हॅल्यू काय" असं विचारलं की वाटतं जो नंबर स्क्रीनवर दिसतोय तो मिळेल. नाही मिळत. व्हॅल्यू लिहिलेली नसेल तर उत्तर येतं शून्य. स्क्रीनवर सात दिसत असला तरी स्क्रिप्टला शून्यच. दिसणारा नंबर थेट देणारी सोय डॉममध्ये, म्हणजे ब्राउजर स्क्रिप्टला पेजचा जो आराखडा देतो त्यात, नाहीये, तो आपला आपण मोजावा लागतो.

दुसरा. दिलेली व्हॅल्यू काढून टाकायची म्हणून लोक तिच्यात रिकामी स्ट्रिंग भरतात. तिथे आकडा अपेक्षित असल्यामुळे रिकाम्याचं शून्य होतं आणि ती ओळ खरोखर शून्य नंबरची दिसायला लागते, खालची एक, त्याच्या खालची दोन. व्हॅल्यू काढायची असेल तर रिमूव्ह ॲट्रिब्यूट वापरून तो ॲट्रिब्यूटच काढायचा, म्हणजे ओळ परत रांगेत येते.

तिसरा खास आपला, मराठीत काम करणाऱ्यांचा. स्टार्ट किंवा व्हॅल्यूमध्ये देवनागरी आकडा चालत नाही. एक्सेलमधून "५" असा देवनागरी आकडा आला आणि स्क्रिप्टने तो तसाच स्टार्टमध्ये टाकला तर जावास्क्रिप्टला तो आकडा म्हणून ओळखूच येत नाही आणि यादी शून्यापासून सुरू होते. एरर नाही, काही नाही, गपचूप शून्य. त्यामुळे आत कायम इंग्रजी आकडे ठेवा आणि देवनागरी फक्त दाखवताना करा, ते कसं ते पुढे सांगतो.

आता जिथे हा फरक सगळ्यात जास्त टोचतो तो प्रसंग बघू. एखाद्या स्पर्धेची गुणवत्ता यादी पेजवर आहे, दोनशे नावं, वर शोधायला एक चौकोन. मुलगी स्वतःचं नाव टाईप करते, स्क्रिप्ट बाकीच्या ओळी लपवते, एकच ओळ उरते आणि तिच्यासमोर नंबर दिसतो १. खरं तर ती १३७ वी आहे. झालं काय, की ओळ डिस्प्ले नन करून किंवा हिडन करून लपवली की ब्राउजर ती मोजतच नाही, मोजणी फक्त दिसणाऱ्या ओळींची होते. यादी रांगेची होती, बाकीचे रांगेतून गेले, उरलेला पहिला. ब्राउजरचं काही चुकलं नाही, पण त्या मुलीच्या घरच्यांना क्षणभर काय वाटलं असेल याचा विचार करा. असली यादी लोकांसमोर ठेवणाऱ्याने एवढी काळजी घ्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

उपाय दोन ओळींचा आहे. पेज उघडल्याबरोबर, शोधाशोध सुरू व्हायच्या आधी, स्क्रिप्टने यादीच्या सगळ्या ओळींवरून एक फेरी मारायची आणि प्रत्येकीला तिचा नंबर व्हॅल्यू म्हणून चिकटवून टाकायचा, पहिलीला एक, दुसरीला दोन, असं दोनशेपर्यंत. म्हणजे सगळ्यांच्या हातात टोकन दिलं. आता कितीही ओळी लपवा, १३७ नंबरची मुलगी १३७ च दिसेल. नावाप्रमाणे क्रम लावा, शाळेप्रमाणे लावा, नंबर माणसाबरोबर जाईल. (विझिबिलिटी हिडन करून लपवलं तर ओळ मोजली जाते, पण तिची जागा रिकामी राहते, तेव्हा शोधायच्या कामाला ते उपयोगाचं नाही.)

आणि उलट, दुकानाच्या सामानाची यादी किंवा आमची विषयपत्रिका, तिथे टोकन अजिबात देऊ नका. तिथे ओळ वरखाली केली की नंबर बदललाच पाहिजे.

क्रम बदलण्यावरून एक सांगायचं राहिलं. ओळ एका जागेवरून दुसरीकडे न्यायची असेल तर ती पुसून नवीन लिहायची गरज नसते. जी ओळ आधीच पेजवर आहे तीच अपेंडचाइल्ड किंवा इन्सर्टबिफोरला दिली की ती तिथून उचलून इथे ठेवली जाते, कॉपी होत नाही, आणि तिच्यावर लावलेली बटणं वगैरे चालू राहतात. पण बरेच जण यादीच्या इनरएचटीएमएलला, म्हणजे तिच्या आतल्या टॅगांसकट मजकुराला, पुढे मजकूर जोडत नवीन ओळ घालतात, दिसायला काम होतं, आतून मात्र अख्खी यादी पुसून पुन्हा बांधली जाते आणि आधीच्या ओळींवर स्क्रिप्टने लावलेले सगळे क्लिक मरतात. नवीन ओळ हवी असेल तर क्रिएटएलिमेंटने एलआय बनवा, मजकूर टेक्स्टकंटेंटमध्ये भरा, आणि हव्या त्या जागी घाला. लोकांनी टाईप केलेला मजकूर असेल तर टेक्स्टकंटेंटच वापरा, इनरएचटीएमएलने त्यांनी लिहिलेला टॅग खराच टॅग होऊन बसतो आणि तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

उलट्या नंबरांची पण एक सोय आहे, रिव्हर्स्ड नावाची. एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे २०१४ साली जे अधिकृत झालं त्यात ती आली. यादीला रिव्हर्स्ड लावलं की आकडे वरून खाली उतरत जातात, दहा, नऊ, आठ. लोकांची इथे एक गैरसमजूत होते, त्यांना वाटतं ओळीही उलट्या होतील. ओळी जिथल्या तिथे राहतात, फक्त आकडे उलटे. सुरुवातीला मला कळेना याचा उपयोग काय, मग सोसायटीची परिपत्रकं टाकताना कळलं. परिपत्रकं आपण ताजं वर आणि जुनं खाली अशी लावतो. साध्या ओएलमध्ये नवीन परिपत्रक वर घातलं की तेच एक नंबरचं होतं आणि जुन्या सगळ्यांचे नंबर बदलतात, जे परिपत्रकाच्या बाबतीत चालणारच नाही. रिव्हर्स्ड यादीत सगळ्यात खालचं, म्हणजे सगळ्यात जुनं, ते एक नंबरचं. वर कितीही नवीन घाला, ते एकच राहतं, त्याच्या वरचं दोनच राहतं. एकाही ओळीला व्हॅल्यू न देता टोकनचं काम झालं. मला ही गोष्ट फार आवडते. फक्त पेजवर सगळी ५७ परिपत्रकं न दाखवता ताजी २० च दाखवणार असाल तर स्टार्टमध्ये ५७ भरायला विसरू नका, नाहीतर ब्राउजर वीसपासून उतरायला लागेल. आणि रिव्हर्स्ड यादीला स्टार्ट दिलेला नसेल तर स्क्रिप्टने स्टार्ट विचारल्यावर उत्तर एक येतं, स्क्रीनवर वीसपासून दिसत असलं तरी, त्यावर विसंबू नका.

या स्टार्ट आणि व्हॅल्यूंचा एक इतिहास आहे, थोडक्यात सांगतो. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये या दोन्हींना "वापरू नका" या गटात ढकललं होतं, विचार असा की नंबर म्हणजे दिसण्याची गोष्ट, ती सीएसएसने, म्हणजे पेज दिसावं कसं ते सांगणाऱ्या भाषेने, बघावी. एचटीएमएल ५ मध्ये दोन्ही परत घेतले. मला वाटतं ते बरोबरच झालं, कारण गुणवत्ता यादीतला १३७ ही काही सजावट नाही, ती माहिती आहे.

आता देवनागरी. सीएसएसमध्ये लिस्ट स्टाइल टाइप नावाची प्रॉपर्टी आहे, तिच्यात देवनागरी असं लिहिलं की यादी १. २. ३. अशी दिसते, आत आकडे इंग्रजीच राहतात आणि व्हॅल्यू, स्टार्ट सगळं बिनबोभाट चालतं. स्क्रिप्टनेही हे बदलता येतं, यादीच्या स्टाइलमधल्या लिस्टस्टाइलटाइपमध्ये भरायचं, म्हणजे मराठी-इंग्रजी असं बटण ठेवायचं असेल तर एका ओळीचं काम. पण आपल्याला नुसते आकडे पुरत नाहीत, पोटविषयांना अ, ब, क, ड लागतं. ते तयार मिळत नाही, काउंटर स्टाइल नावाचा नियम लिहून स्वतः बनवावं लागतं, त्यात अक्षरं क्रमाने द्यायची आणि अक्षरानंतर काय यावं ते द्यायचं, टिंब नको कंस हवा तर कंस. फिक्स्ड पद्धत ठेवलीत तर अक्षरं संपल्यावर पुढच्या ओळींना साधे आकडे लागतात, अल्फाबेटिक ठेवलीत तर अअ, अब असं जोडीने सुरू होतं. नोटिशीसाठी मी फिक्स्ड ठेवतो, कारण एका विषयाला बारा पोटविषय झाले तर तो विषयच तोडायला हवा. फायरफॉक्समध्ये हा नियम बराच आधीपासून होता, क्रोममध्ये २०२१ ला आणि सफारीत २०२३ ला आला, म्हणजे फारच जुना फोन असेल तर तिथे अ, ब, क च्या जागी साधे आकडे दिसतील, काही मोडणार नाही.

पोटयादी म्हणजे एलआयच्या आत आणखी एक ओएल. आतली यादी स्वतःची मोजणी एकपासून करते, बाहेरच्या मोजणीला धक्का लागत नाही. स्क्रिप्ट लिहिताना मात्र जपा, यादीतल्या सगळ्या एलआय द्या असं क्वेरीसिलेक्टरऑलने मागितलं की आतल्यासुद्धा येतात, आणि मग टोकन वाटायची फेरी मारलीत की बाहेरचा विषय पाच आणि त्याच्या आतले सहा, सात, आठ होऊन बसतात. फक्त वरच्या पातळीच्या ओळी हव्या असतील तर यादीचे चिल्ड्रन मागा. आणि ५.१, ५.२ अशी साखळी हवी असेल तर ते ओएलच्या ॲट्रिब्यूटांनी होत नाही, सीएसएसचे काउंटर लागतात, त्यातलं काउंटर्स हे फंक्शन सगळ्या पातळ्यांचे आकडे टिंबाने जोडून देतं. त्यासाठी मूळचे नंबर बंद करावे लागतात, म्हणजे लिस्ट स्टाइल नन, आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) वापरणाऱ्यांना मग ती यादी "यादी" म्हणून ऐकू येणं बंद होतं. ओएलला रोल लिस्ट असं लिहून ठेवलं की परत ऐकू येतं. आमच्या विंगमधले एक काका स्क्रीन रीडर वापरतात, नोटिशीत सात विषय आहेत हे त्यांना सुरुवातीलाच ऐकू येतं आणि कितवा चाललाय ते कळतं, तेवढ्यासाठी हा एक शब्द लिहायचा कंटाळा करू नका.

काही नंबर मात्र ब्राउजरला मोजायला द्यायचेच नसतात. कायद्याची कलमं घ्या. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८ च्या पुढे ४९८ अ घातलं, आणि बदनामीचं ४९९ होतं ते ४९९ च राहिलं, कारण तोपर्यंत ते हजारो निकालांत लिहिलं गेलं होतं. ४२० तर भाषेत शिरला, फसवणारा माणूस म्हणजे चारसोबीस, आणि २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली तरी बोलण्यात चारसोबीसच आहे. असा नंबर म्हणजे नावच झालं, तो मजकुरातच टाईप करायचा. व्हॅल्यूमध्ये तसाही "४९८ अ" बसत नाही, तिथे फक्त पूर्णांक.

आता ती टीप. "विषय क्र. ५ चे अंदाजपत्रक" यातला पाच कुणी लिहायचा? हाताने नाहीच. टाकीच्या विषयाच्या एलआयला मी एक आयडी दिलाय, "टाकी" अशा अर्थाचा, आणि टिपेत आकड्याच्या जागी एक रिकामा स्पॅन (ओळीच्या मधेच बसणारा साधा टॅग) ठेवलाय ज्याच्यावर तीच आयडी नोंदवलेली आहे. स्क्रिप्ट यादी वरून खाली चालते. हातात एक आकडा धरते, सुरुवातीला यादीचा स्टार्ट. ओळ लपवलेली असेल तर सोडून देते. ओळीवर व्हॅल्यू लिहिलेली असेल (आहे की नाही हे हॅझॲट्रिब्यूटने विचारायचं, व्हॅल्यू शून्य आली म्हणून नाही असं धरायचं नाही) तर हातातला आकडा तोच करते. मग तो आकडा त्या ओळीच्या आयडीपुढे लिहून ठेवते, एक वाढवते, पुढच्या ओळीला जाते. फेरी संपली की सगळे रिकामे स्पॅन भरते. ब्राउजर जसा मोजतो तसंच आपण मोजलं, फक्त आपल्याला तो आकडा हातात मिळाला. विषय घातला, काढला, हलवला की ही फेरी पुन्हा मारायची, वीस ओळींच्या यादीला काही वेळ लागत नाही.

टिपेत आकडा देवनागरी दिसायला हवा, तर टूलोकेलस्ट्रिंगला, म्हणजे आकडा त्या त्या भाषेच्या पद्धतीने लिहून देणाऱ्या फंक्शनला, एमआर-आयएन (भारतातली मराठी) सांगायचं, मराठीसाठी ते आपणहून देवनागरी आकडे देतं. हिंदीसाठी तसं होत नाही, तिथे देवनागरी वेगळी मागावी लागते.

हीच फेरी आणखी एका ठिकाणी कामाला आली. नोटीस व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकावी लागते, आणि पेजवरून कॉपी केलं की काही ब्राउजरांत नंबर येतात, काहींत येतच नाहीत, कारण ते मुळात मजकुरात नाहीत. म्हणून खाली "मजकूर कॉपी करा" असं बटण ठेवलंय, ते दाबलं की स्क्रिप्ट प्रत्येक ओळीचा मोजलेला आकडा, कंस, आणि मजकूर जोडून साधा मजकूर बनवते आणि क्लिपबोर्डवर ठेवते. यंदा सेक्रेटरींनी दोन विषय शेवटच्या दिवशी बदलले, एक घातला आणि एक ऐनवेळच्या विषयांत ढकलला, मी ओळी हलवल्या, बटण दाबलं आणि ग्रुपवर टाकलं. टाकीचा विषय या वेळी सातवर होता, टिपेतही सात, व्हॉट्सॲपवरही सात.